दिसला तरच दाबा

"ग्लॉकोमा आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि माझा कोरा चेहरा बघून लगेच मराठीवर आल्या. "काचबिंदू. मोतीबिंदू नव्हे हं आजी, काचबिंदू."

मी तर चष्म्याचा नंबर काढायला गेले होते! सोबत हे होते. हे म्हणजे माझे यजमान, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. मॅडमनी नीट समजावलं. डोळ्यात पाणी तयार होतं आणि एका बारीक जाळीतून बाहेर जातं. जाळी तुंबली की आत प्रेशर वाढतं आणि मागची नस, ऑप्टिक नर्व्ह, हळूहळू मरत जाते.

"म्हणजे बॉयलरसारखंच की," हे म्हणाले. मॅडम हसल्या. मी नाही हसले.

"गेलेली नजर परत येत नाही," मॅडम म्हणाल्या. "राहिलेली थेंबांनी सांभाळता येते. दुखणार नाही, डोळा लाल होणार नाही, म्हणून तुम्हाला वाटेल की बरं झालं. थेंब बंद करायचे नाहीत. जन्मभर."

तुमच्यापैकी कोणाला हा आजार निघाला असेल, तर मॅडमचं एवढं बोलणं लक्षात ठेवा आणि खुशाल वाचन थांबवा. पुढचं मी माझ्या रागापायी लिहिते आहे.

राग माईंवर. माई यांची थोरली बहीण, माझी नणंद. आमच्या मागच्याच गल्लीत एकट्या राहतात. चर्चच्या महिला मंडळाच्या त्या प्रमुख. कोणाचं मूल आजारी पडलं, कोणाची नोकरी गेली, की पहिला निरोप माईंना. माझं कळल्यावर त्या तेलाची बाटली घेऊन आल्या, माझ्या कपाळाला तेल लावलं आणि गुडघे दुखत असताना जमिनीवर बसून प्रार्थना केली. मी रडले. मन हलकं झालं. त्या प्रार्थनेबद्दल माझी आजही तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढच्या रविवारची.

आमच्याकडे पाळकसाहेबांच्या संदेशाच्या आधी साक्षीची वेळ असते. प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते कोणीही उभं राहून सांगावं. माई उभ्या राहिल्या. मला वाटलं, गुडघ्याचं सांगतील.

"माझी भावजय सरोज आंधळी होणार होती," माई म्हणाल्या. "प्रभूने तिला दृष्टी दिली. तिला आता औषधाची गरज नाही!"

सगळी मंडळी टाळ्या वाजवायला लागली. बायका येऊन माझ्या गळ्यात पडल्या. आता मी काय म्हणायचं? थोरल्या नणंदेला भर चर्चमध्ये खोटं पाडायचं?

त्या संध्याकाळी मी फ्रीजमधून थेंबांची बाटली काढली तेव्हा माई स्वयंपाकघरातच बसल्या होत्या.

"थेंब घालतेस? मग माझ्या साक्षीचं काय? प्रभूला खोटं पाडणार तू?"

"माई, डॉक्टरांनी सांगितलंय..." हे म्हणायला लागले.

"तू गप्प बस रे. तुझा सगळा विश्वास बॉयलरवर."

आणि बाटली माईंच्या पर्समध्ये गेली. मी दुसरी आणली नाही. मॅडम एकट्या होत्या आणि मंडळी केवढी मोठी! जिने तिने विचारावं, "सरोजताई, डोळे कसे?" आणि मी म्हणावं, "प्रभूची कृपा."

दुखलं काहीच नाही. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच. फक्त डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायला लागला. चहाचा कप ओट्याच्या कडेबाहेर ठेवला आणि फुटला. डावीकडून भाजीची गाडी आली की मी दचकायची. एखादी वस्तू शोधायची तर डोळे फिरवून भागेना, अख्खी मान वळवावी लागायची. माई म्हणाल्या, "सैतान परीक्षा बघतोय. डगमगू नकोस."

शेवटी यांनी रिक्षा बोलावली आणि मला बळेच दवाखान्यात नेलं.

तिथे पेरिमेट्री केली. ही नजरेचा घेर मोजायची तपासणी. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि समोर बघत राहायचं. आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. उजवा डोळा झाला. मग डावा. मी वाट बघत बसले. दिवा काही लागेना.

"बाई, सुरू केलं का?" मी विचारलं.

"आजी, संपत आलं," टेक्निशियन बाई म्हणाली.

मॅडमनी कागद बघितला. डाव्या डोळ्याच्या जागी सगळं काळं. "थेंब कोणी बंद केले?"

"नणंदेने," मी म्हणाले. मॅडमनी यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे बघत होते.

उजव्याचं प्रेशरही एवढं वाढलेलं की आता नुसत्या थेंबांनी उतरेना. ट्रॅबेक्युलेक्टमी करायची ठरली. म्हणजे आतल्या पाण्याला छोटं ऑपरेशन करून नवी वाट काढून द्यायची. उजव्यावर पट्टी आणि डावा गेलेला, त्यामुळे मी पूर्ण अंधारात. बाकी रुग्णांच्या कानाला मोबाईलवरची गाणी, माझ्या डोक्यात माई.

मी काय प्रार्थना केली ते सांगते. पवित्र शास्त्रात वैऱ्यांच्या नाशासाठी म्हटलेली स्तोत्रं आहेत, ती आम्ही चर्चमध्ये भरभर वाचून पुढे जातो. मी ती हळूहळू म्हटली. प्रत्येक ओळीत माईंचं नाव घातलं. हिलाही असंच होऊ दे, प्रभू. हिलाही चाचपडू दे. पट्टी निघाल्यावर पहिल्याच रविवारी मी साक्षीला उभी राहणार होते. कोणती साडी नेसायची तेसुद्धा ठरलं होतं.

माई भेटायला आल्या, शिरा घेऊन. शेजारच्या कॉटवरच्या बाईला सांगत होत्या, "आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली, म्हणून ऑपरेशन छान झालं." शिरा मी खाल्ला नाही. यांनी खाल्ला.

पट्टी निघाली. उजवा डोळा वाचला. पण साक्षीला उभं राहायच्या आधीच नाताळ आला, आणि माई करंज्या करायला आमच्या घरी आल्या.

मी लाटत होते, त्या भरत होत्या. सारणाचा चमचा पारीच्या बाहेर रिकामा झाला. एकदा नाही, परत परत. दुधाची वाटी त्यांच्या बाजूलाच होती, पण ती शोधायला माईंनी अख्खी मान वळवली. मी लाटणं थांबवलं. ती मान माझ्या ओळखीची होती.

मला आनंद झाला. हो, झाला. साक्ष द्यायची गरजच उरली नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं. बाकीचं आपोआप होणार होतं आणि माझ्या अंगावर काहीच येणार नव्हतं. नाताळभर मी बघत राहिले. माई बाकाला धडकल्या, लोक म्हणाले वय झालं. माईंचा पायरीवर पाय चुकला, लोक म्हणाले गुडघे. मी काहीच म्हणाले नाही. घरी आल्यावर हे म्हणायचे, "आज तू फार खूश दिसतेस."

मग प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा रविवार आला. आम्ही शेजारी शेजारी गुडघे टेकले होते. पाळकसाहेबांनी माईंपुढे प्याला धरला. माईंचा हात प्याल्याच्या बाजूला, हवेत गेला. तिथे काहीच नव्हतं. तो हात तसाच फिरत राहिला. आणि माझ्या हाताने तो धरला आणि प्याल्याला लावून दिला.

मी माझ्या हातावरच चिडले. मला न विचारता गेलाच कसा! इतके दिवस दृष्टी दे, दृष्टी दे म्हणून मागितलं, आणि मिळाली ती ही: माईंना काय दिसत नाही, ते अख्ख्या मंडळीत फक्त मला दिसत होतं, तेही एका डोळ्याने. हे माझ्या पदरात कोणी टाकलं ते मला पक्कं माहीत होतं. त्याच्याशी मी घरी येऊन कडाकडा भांडले. जिंकले नाही.

दुसऱ्या दिवशी माईंच्या दारात गेले. "चला. दवाखान्यात."

"मला काय धाड भरलीय? प्रभू माझा..."

"प्रभूला विचारलंय मी. तो म्हणतो, रिक्षा बाहेर उभी आहे."

तीच अंधारी खोली, तेच यंत्र. मी मागे स्टुलावर बसले. माई बटण दाबायला लागल्या. टकटक, टकटक, थांबायचं नाव नाही.

"आजी," टेक्निशियन बाई म्हणाली, "दिसला तरच दाबा. न दिसता दाबू नका. मशीनला कळतं."

मी ठरवून ठेवलेली सगळी साक्ष त्या मुलीने तीन वाक्यांत देऊन टाकली. टकटक थांबली. बराच वेळ गेला आणि माई हळूच म्हणाल्या, "सरोज, सुरू आहे का गं?"

कितीतरी उत्तरं मी तयार ठेवली होती.

"सुरू आहे, माई," मी म्हणाले. "बघत राहा."

दोन्ही डोळ्यांना काचबिंदू निघाला. एकात बरीच नजर शिल्लक होती. बाहेर येताना माईंनी माझा दंड धरला. "कोणाला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? तुम्ही सांगाल."

माईंचे हात थरथरतात, थेंब गालावर पडतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ मीच जाऊन घालते. माझी अट एकच. रविवारचा सकाळचा थेंब घरी नाही, चर्चच्या पायऱ्यांवर. भक्तीला येणारी मंडळी बाजूने जातात. कोणी विचारतं, "सरोजताई, माईंना काय झालं?" मी म्हणते, "त्यांनाच विचारा." मग माई मान वर करून, थेंबाची वाट बघत सांगतात, "काचबिंदू. दुखत नाही. पण थेंब बंद करायचे नाहीत." महिला मंडळातल्या काही जणी ते ऐकून तपासून आल्या, आणि एकीला निघालासुद्धा, वेळेवर. त्याबद्दल मी प्रभूचे आभार मानते. मॅडमचेही मानते. माईंचे अजून नाही.

"जळतंय गं," माई म्हणतात.

"जळू द्या."

थेंब घातला की नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने दाबून थोडा वेळ डोळे मिटून बसायचं असतं, म्हणजे औषध घशात उतरत नाही. माई तशा बसतात, मीही माझा थेंब घालून शेजारी तशीच बसते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, दोघी प्रार्थना करतायत.

पाळकसाहेबांनी मला विचारलं, "माईंना क्षमा केलीत ना?"

मी म्हणाले, "थेंब जन्मभर घालायचे आहेत, साहेब. घाई काय आहे?"