शेवटच्या रांगेत ऐकलेली हाक

मी गाव सोडलं त्या सकाळी आई खडकांवरूनच थेट एसटीच्या थांब्यावर आली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, बोटांवर शिंपल्यांनी कापल्याच्या खुणा. "थय जेवान येळेवर कर गो," एवढंच म्हणाली. गाडीतल्या लोकांसमोर तिने मला जवळ घेऊ नये, असं मला वाटत होतं. तिला ते कळलं असावं. ती खिडकीपासून दोन हात लांबच उभी राहिली.

भोसरीत चौघींनी मिळून खोली घेतली आणि मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचं वायरिंग जोडणाऱ्या लाइनवर लागले. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, आई काय करते? "दुकान आहे," मी म्हणाले. खरं तर आई कालवं काढते. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांना हे शिंपले घट्ट चिकटलेले असतात. ते टोच्याने फोडून आतलं मांस काढायचं, टोपलीत घालून तालुक्याला विकायचं. त्यावरच तिने मला आयटीआयपर्यंत शिकवलं. शाळेत होते तेव्हा रस्त्यावर तिची कालवं विकायची हाक आली की मी मैत्रिणीच्या घरात आत जाऊन बसायचे.

लाइनवर माझ्या शेजारी सुनंदाताई. चाकणजवळच्या गावची, घरी बटाट्याची शेती. तिने समुद्र पाहिला नव्हता. मागच्या वर्षी सलग दोन सुट्ट्या आल्या, तेव्हा तुझ्या गावी ने म्हणून ती हट्टालाच पेटली. नाही म्हणायला मला कारण सापडेना.

घरी पोचल्यावर पाणी पिता पितानाच तिने विचारलं, "मावशी, तुमचं दुकान कुठंशी हाय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली. मग ती शांतपणे म्हणाली, "ह्या काय, समोरच. ओहोटीक उघडता, भरती इली की बंद."

सुनंदाताई हसली नाही. "मग मला बी दावा," म्हणाली.

दुपारभर ती आईमागे खडकांवर वाकून होती. तिने दोन बोटं कापून घेतली आणि जेमतेम मूठभर कालवं काढली. तेवढ्या वेळात आईची टोपली अर्धी भरली. "आमी जमीन उकरतो, ती मऊ तरी असती," ताई म्हणाली. "ह्ये मला जन्मात जमायचं न्हाई." संध्याकाळी आईने कोकम घालून कालवांचं सुकं केलं. ताईने तीनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ताईला तालुक्याचं जुनं नाट्यगृह दाखवायला नेलं, आईही सोबत आली. पर्यटक हल्ली ते आवर्जून बघतात. सागवानी खांब, लाकडी सज्जा, आणि इतका जुना रंगमंच की पाय ठेवताना माणूस आपोआप हळू चालतो. आई त्याच्या भिंतीला लागून आयुष्यभर टोपली घेऊन गेली. आत कधी आली नव्हती. दारातच थांबली. "चला की मावशी," म्हणत ताईने तिचा हात धरला.

तिथल्या वयस्कर व्यवस्थापकांनी सांगितलं, माईक नव्हते तेव्हाही इथे शब्द शेवटच्या रांगेत पोचायचा. त्यांनी मला मागे जाऊन बसायला सांगितलं. ताई रंगमंचावरून "हॅलो, हॅलो" म्हणाली आणि लाजली. मग आईला म्हणाली, "तुमी बोला."

आईने पदर सारखा केला. तिला पाठ असं एकच वाक्य होतं.

"कालवां घेतास काय गो, ताजी कालवां..."

आवाज सज्ज्याखालून फिरून माझ्यापर्यंत आला. इतका स्वच्छ, भरलेला आवाज मी त्या गावात कुणाचा ऐकला नव्हता, आणि याच आवाजापासून मी लपत होते. व्यवस्थापक पुढे झाले. "मागच्या आळीत येता त्या तुम्हीच ना? आमची आई वाट बघायची तुमची."

पायऱ्यांवर मी सुनंदाताईला म्हणाले, "ताई, आईचं दुकान नाहीये."

"म्हाईत हाय. खडकावर गेलो तवाच कळालं."

"मग बोलला का नाहीत?"

"मावशींनी झाकलं. मी कशाला उघडू?"

माझ्यासारख्या किनारा सोडून इकडे आलेल्या बायांनो, आता भोसरीत माझी स्वतःची दोन खोल्यांची जागा आहे. पण घर कुठलं विचारलं की आधी गावाचं नाव येतं. आणि पुढचा प्रश्न यायच्या आत मीच सांगते, माझी आई कालवं काढते.