तिले अगोदर बसव

लकवा झाल्यानंतर आईकडे मोजकेच शब्द उरले. उजवी बाजू गेली होती. डाव्या हातात स्टीलचा एक चमचा असायचा. खाटेच्या लोखंडी दांड्यावर तो वाजला की ताई यायची. पाणी हवं असेल तर वाजवण्याची एक तऱ्हा, कूस बदलायची असेल तर दुसरी, चादर ओली झाली असेल तर तिसरी. मला हा फरक कधीच ओळखता आला नाही. ताईला स्वयंपाकघरातूनही ओळखता यायचा.

मी नांदुऱ्याला एका दैनिकाच्या कार्यालयात काम करतो. सुटीच्या दिवशी जळगाव जामोदला बस बदलून सोनाळ्याला आई-ताईकडे जातो. इथे लिहिलेलं बरंचसं मी तिथे पाहिलेलं आहे, उरलेलं ताईने सांगितलेलं.

ताई माझ्याहून मोठी. तिचं लग्न झालं नाही, त्याची कारणं इथे लागत नाहीत. आई आजारी पडण्यापूर्वी ती तालुक्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लास बंद पडला तेव्हा तिथला एक कॉम्प्युटर तिने घरी आणला. पुढे त्याचा एकेक भाग बदलत गेला आणि मूळचा फक्त वरचा डबा राहिला. तो समोरच्या खोलीत, आईच्या खाटेच्या पायथ्याशी होता. दुपारी आईचं जेवण झालं, भांडी झाली, की चहापर्यंतचा वेळ ताईचा असे. त्या वेळात ती एक गेम खेळायची.

त्या गेमचे तेव्हा तीन भाग निघालेले होते. तिन्ही भागांत एकच बाई आहे. ती बर्फाच्या प्रदेशात एकटी चालते. लोक केव्हाच सोडून गेलेल्या वस्त्या शोधते, वाटांचा नकाशा काढते, रात्र झाली की शेकोटी पेटवून बसते. मारामारी नाही. बोलायला कुणी नाही. मी एकदा शेजारी बसून पाहिलं तर अर्धा वेळ ती बाई एका उतारावरून खाली येत होती.

"यात होते काय?" मी विचारलं.

"चालते ना," ताई म्हणाली. "तू तं दिवसभर लोकाइच्या भानगडी लिहितं. तुले काय समजन."

चमचा वाजला की ताई एक बटन दाबायची आणि चित्र थांबायचं. बर्फ हवेत थांबायचा, बाईचा एक पाय उचललेला राहायचा. पाणी पाजणं असो की सगळी चादर बदलणं, परत येऊन बटन दाबलं की बाई उचललेला पाय खाली टेकवायची. ताईच्या दिवसात तिच्यासाठी थांबून राहणारी दुसरी कुठलीही गोष्ट नव्हती. दूध उतू जायचं, नळ जायचा, आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर येऊन दार वाजवायच्या.

आई खाटेवरून हे सगळं पाहायची. एकदा ताईने घाईत गेम थांबवली तेव्हा ती बाई ओढ्याच्या मधोमध होती, गुडघ्याएवढ्या पाण्यात. आईचं आवरायला त्या दिवशी वेळ लागला. आई ताईच्या खांद्यावरून पडद्याकडेच बघत होती. मग तिने चमचा तिकडे केला आणि म्हणाली, "तिले बसव."

"कोनाले व?"

"तिले. बसव अगोदर."

ताईने हात धुतले, जाऊन बाईला ओढ्यातून बाहेर काढलं, एका दगडापाशी बसवलं आणि शेकोटी पेटवून पुन्हा थांबवलं. तेव्हा कुठे आईने कूस बदलू दिली.

त्यानंतर तो नियमच झाला. चमचा वाजला की ताई आधी बाईला आडोशाला न्यायची, शेकोटीपाशी बसवायची, मग उठायची. तेवढा वेळ आई थांबायची. तोंड कोरडं पडलेलं असलं तरी थांबायची. ताई चिडवायची, "माह्यापेक्षा तिचीच काळजी जास्त हाये तुले." आईला हसू आलं की तोंडाची एकच बाजू हलायची.

तिसऱ्या भागाच्या शेवटी ती बाई एका खिंडीत पोचते. पलीकडच्या दरीतून धूर वर येताना दिसतो आणि तिथे भाग संपतो. तो धूर कुणाचा, हा प्रश्न ताईच्या डोक्यात बराच काळ राहिला. मी गेलो की ती तिचे अंदाज सांगायची. कधी म्हणायची, हरवलेली बहीण असेल. कधी म्हणायची, एखादं अख्खं गावच जिवंत सापडेल.

चौथा भाग येणार असल्याचं तिनेच मला फोनवर सांगितलं. आवाज आनंदाचा नव्हता. हा भाग ऑनलाइन असणार होता. चौघांचा चमू करून खेळायचं, एकट्याने खेळण्याची सोय नाही. ते ऐकून या गेमचे जुने चाहते बिथरले होते. नेटवरच्या त्यांच्या एका पानावर रोज शेकड्याने मजकूर पडत होता. ताई तो फोनवर वाचायची, आणि सोनाळ्याला गेल्यावर मीही थोडा वाचला. कुणी म्हणत होतं, एकटेपणाच काढून घेतला तर या गेममध्ये राहतं काय. कुणाला अनोळखी लोकांच्या शिव्यांची भीती होती. कुणी विचारत होतं, कंपनीने उद्या सर्व्हर बंद केले तर आमच्या हातात काय उरेल. ज्यांच्या गावात नेट नाही त्यांनी काय करायचं, हेही एकाने विचारलं होतं. उलट बाजूही होती. काळाबरोबर बदलायला शिका, रडगाणी बंद करा, असं लिहिणारेही बरेच होते.

ताईने तिथे एकदाच लिहिलं. सगळ्या गोंधळात तिचा प्रश्न एका ओळीचा होता: यात मधेच थांबवता येईल का?

खाली दोन उत्तरं आली. कुठल्याशा देशातल्या एका बाईने लिहिलं होतं, माझी मुलगी तान्ही आहे, मलाही हेच विचारायचं होतं. दुसऱ्याने लिहिलं होतं, थांबायचंच असेल तर खेळता कशाला. कंपनीकडून उत्तर आलं नाही.

"नको घेऊ मग," मी म्हणालो.

"धूर कोनाचा हाये ते तं पाहू दे," ताई म्हणाली.

चौथा भाग आला तेव्हा तिने तो घेतला. घरात नेटची रेंज फक्त खिडकीपाशी येते, म्हणून एका पिशवीत फोन घालून ती गजाला बांधली. गेम कशीबशी चालायची. पहिल्याच दुपारी तिला धुराचं उत्तर मिळालं. पलीकडच्या दरीत इतर खेळाडूंच्या शेकोट्या होत्या. बाई खिंड उतरून खाली आली आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांची झुंबड तिथे उड्या मारत होती.

"नुसता बाजार भरला होता," ताईने मला सांगितलं.

तरी तिने गेम सोडली नाही. बाई तीच होती. ताईला चमूत तीन पोरं मिळाली, कुठली कुठली. कानाला हेडफोन लावून ती त्यांच्याशी बोलायची, आईसाठी एक कान मोकळा ठेवायची. त्यातला एक अकोल्याकडचा असावा, आपल्याच बोलीत बोलायचा. एका रविवारी मी शेजारीच होतो, तेव्हा त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. आईने चमचा वाजवला. ताई उठली.

"ओ काकू, हला ना! पूल पडून राह्यला इकडं."

ताई पेला भरता भरता ओरडली, "आली, आली. आईले पानी देऊन राह्यली."

"मंग आईलेच बसवा ना खेळाले! त्या तरी हलतीन."

बाकीचे दोघे हसले. त्यातला एक हिंदीत म्हणाला, "छोड़ ना यार, निकाल इसको."

"थांब बे," अकोल्याचा म्हणाला. "काकू, भाजी करपली का?"

"हाव, करपली," ताई म्हणाली. "जा तुम्ही पुढं."

ते गेले. या भागात थांबवण्याचं बटन नव्हतं. बसवायलाही वेळ मिळत नव्हता, कारण शेकोटी चौघांनी मिळूनच पेटवायची होती. बाई उघड्यावर उभी राहिली. थोड्या वेळाने ती कापायला लागली, मग गुडघ्यांवर आली, मग तोंडावर बर्फात पडली. दुसऱ्या कुठल्या तरी चमूचे तीन जण तिच्या अंगावरून ओलांडून गेले. ताईची पाठ तिकडे होती, ती आईला पाणी पाजत होती. आईचं तोंड पडद्याकडे होतं.

परत आल्यावर ताईने हेडफोन काढून ठेवला. "ते पोरगं वाईट नाही," मला म्हणाली. "त्याले काय मालूम इथं काय चाललं."

पुढच्या काही दिवसांत आईची तब्येत सुधारल्यासारखी वाटू लागली. दुपारी चमचा वाजतच नव्हता. ताईला दुपारी सलग खेळता येऊ लागलं, चमूतल्या पोरांची कुरकुरही कमी झाली. फोनवर ती मला म्हणाली, "आता लागते तिले झोप. बरं वाटून राह्यलं वाटते."

मग एका सुटीत मी घरी असताना उपकेंद्रातल्या सिस्टर रक्तदाब पाहायला आल्या. त्यांनी सवयीने आईची पाठ पाहिली आणि थांबल्या. कमरेखाली कातडी लाल झाली होती, एका जागी सोलवटली होती.

"कूस बदलत नाही का हो?" सिस्टरनी विचारलं.

"बदलतो ना. वाजवलं की लगेच," ताई म्हणाली.

"मग वाजवत नसतील. आणि हे ओलं राहिल्याने झालेलं आहे."

सिस्टर मलम लावून गेल्या. ताई खाटेपाशी उभी राहिली. आई तिच्याकडे बघत नव्हती. चमचा हातात नव्हता. ताईने उशी उचलली तर तो खाली सारून ठेवलेला होता.

"काऊन व आई? काऊन नाही वाजवलं?"

शब्द जुळवायला आईला वेळ लागतो, पण त्या दिवशी जास्तच लागला.

"तू उठली," ती म्हणाली, "की तिले... पाडतात."

ताईने चौथा भाग त्याच दुपारी कॉम्प्युटरवरून काढून टाकला. मी तिथेच होतो. तिने खिडकीच्या गजावरची पिशवीही सोडली.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तिसरा भाग लावला. आईला दिसेल असा पडदा वळवला. बाईला चालवलं, मधेच थांबवलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. "पाह्य आई, ही जुनी हाये. ही थांबते. कोनी येत नाही इथं." बर्फ हवेत थांबलेला होता. आईने बारकाईने पाहिलं. ताईने चमचा तिच्या हातात दिला. आईने तो धरला, पण वाजवला नाही. ताईने थोड्या वेळाने चादरीखाली हात घातला तर ती ओली होती.

ताईने बरंच करून पाहिलं. पडदा भिंतीकडे फिरवला, तेव्हा आई आवाज ऐकत राहिली. आवाज बंद केला, तेव्हा ती ताईचे हात बघत राहिली. ठरावीक वेळाने कूस बदलण्यासाठी ताईने फोनवर गजर लावला. कुशीचं त्याने भागलं, पण तहान गजराच्या वेळी लागत नाही. कॉम्प्युटर चालू असेपर्यंत आई चमचा वाजवत नव्हती. दोन्ही भागांतल्या बायका तिच्या लेखी एकच होत्या, आणि एकदा पडताना पाहिलेल्या बाईला पुन्हा पाडायला ती तयार नव्हती.

शेवटी ताईने तिसऱ्या भागातल्या बाईला एका पडक्या घराच्या आडोशाला नेलं. शेकोटी पेटवली, तिला बसवलं, तिथवरचं सेव्ह केलं आणि कॉम्प्युटर बंद केला. हे तिने आईला दाखवून केलं. पडद्यावर जुना टॉवेल टाकला. त्या दिवशी संध्याकाळच्या आत चमचा वाजला.

जखम भरली. आता दुपारी भांडी झाली की ताई खाटेजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. फोनही फारसा पाहत नाही. मी विचारलं की गेम खेळायला मन होत नाही का, तर म्हणते, "बसून राह्यलं तरी दुपार जातेच ना."

मध्यंतरी चाहत्यांच्या त्या पानावर कंपनीचं निवेदन आलं. लोकांच्या भावना लक्षात घेऊन चौथ्या भागात एकट्याने खेळण्याची सोय देण्याचा विचार आहे, असं त्यात होतं. मी ते कार्यालयात वाचलं आणि पुढच्या खेपेला ताईला सांगितलं. ती पालकाची भाजी निवडत होती.

"त्यात थांबते का?" तिने विचारलं.

मी निवेदन पुन्हा काढून पाहिलं. त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. नेट मात्र चालूच ठेवावं लागणार होतं.

"राहू दे," ताई म्हणाली.

आमचं बोलणं आईने ऐकलं असावं. तिने टॉवेल टाकलेल्या पडद्याकडे पाहिलं. "ते?" तिने विचारलं. हे ती अधूनमधून विचारते.

"बसली हाये व," ताई म्हणाली. "शेकोटीपाशी बसवली ना तिले. पाह्यलं ना तू?"

आईने चमचा उचलून दांड्यावर वाजवला. ताईने पालकाची परडी खाली ठेवली आणि पेला घ्यायला उठली.