विजूताईचा मागचा दिवा

विजूताई नटाच्या तोंडाकडे आधी बघतच नसे. त्याला रंगमंचावर उभा करी, मागून एक फेरी मारी आणि मानेवर बोट ठेवून म्हणे, "इथे उजेड हवा." रत्नागिरीत तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं, आमच्या नाट्यमंडळाची प्रकाशयोजनाही तीच करी. "कापडाला कड मारतात तशी माणसाला उजेडाची कड मारावी लागते. नाहीतर तो काळ्या पडद्यात विरून जातो."

दिवे भाड्याने माझ्याकडून येत. उसन्या जनरेटरवर धंदा उभा केलेला मी माणूस. घासाघीस केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. पहिल्याच नाटकाला म्हटलं, "ताई, मागचे दिवे काढू. पुढून दिसतंय की सगळं."

"मेल्या, मग पुढचेही काढ. रेडिओवर करू नाटक."

मी हरलो. प्रयोगात काळं लुगडं नेसलेली, नाटकातली आई काळ्या पडद्यापुढे उभी होती. मागचा दिवा लागला आणि तिच्या केसांवर, खांद्यांवर रुपेरी रेघ उमटली. बाई जागची हलली नव्हती, तरी पडद्यापासून सुटून पुढे आल्यासारखी वाटली. त्या दिव्यावर मी पुन्हा कधी घासाघीस केली नाही.

मग मंडळाने एलईडीची भिंत आणली. अध्यक्ष म्हणाले, "एवढा स्क्रीन मागे असताना तुमचा दिवा कशाला, ताई?"

"भिंत उजळते हो, माणूस विझतो," ती म्हणाली. सगळे हसले. तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही. त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

गेल्या उन्हाळ्यात विजूताई गेली. शोकसभा घेतली याच मंडळाने. अध्यक्षांना कळवळा आला होता! भिंतभर तिचा फोटो. तो ठसठशीत दिसावा म्हणून पुढचे दिवे बंद. तिची मुलगी बोलायला उभी राहिली, ती नुसता काळा ठोकळा. आईबद्दल बोलणाऱ्या पोरीचं तोंड दिसेना!

"स्क्रीन बंद करा!" मी ओरडलो.

"अहो, ताईंचा फोटो जाईल," अध्यक्ष म्हणाले.

"बाईला घालवलीत तेव्हा नाही सुचलं ते?"

मी जाऊन वायर उपटली. पुढचे दिवे लावले. माझ्या टेम्पोत दिवे असतातच. त्यातला एक आणून पोरीच्या मागे उंच टांगला. तिच्या मानेवर, खांद्यांवर उजेडाची कड उमटली.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी पुटपुटली, "अगो बाय, ही तर विजूच गो!"