गझवानचा उजवा हात

माझ्याकडे एक रेडिओ आहे, त्यावर फक्त बसरा लागतं. पूर्वी सगळं जग लागायचं. मग तो गझवानने दुरुस्त केला. समोरच्या दंतवैद्याची इस्त्री अधूनमधून शॉक देते आणि कोपऱ्यावरच्या समून पाव भाजणाऱ्याचं घड्याळ शुक्रवारी सुट्टी घेतं, तीही त्याचीच कामगिरी. तरी काही बिघडलं की सगळी गल्ली त्याच्याच दाराशी जाते. तो कुणाला नाही म्हणत नाही, आणि त्याच्या बायकोच्या हातचा सुक्या लिंबाचा चहा पूर्ण बगदादमध्ये मिळायचा नाही.

गझवान म्हणजे अबू सरमद, सरमदचा बाप. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. लढायांमध्ये दोनदा एक्स्चेंज जमीनदोस्त झालं आणि दोन्ही वेळा हा गडी तारा दातांनी सोलून पुन्हा जोडत बसला. भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी म्हणून सव्वीस वर्षं मी ही कथा ऐकतोय. सुरुवातीला तारा दोनशे होत्या, आता दोन हजारांवर गेल्यात. पण त्याचे पुढचे दोन दात खरोखरच झिजलेले आहेत, तेवढं मी स्वतः पाहिलंय.

या माणसाला जगात एकच जण नावं ठेवू शकायचा, तो म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ नूरी. नूरी मिनीबस चालवायचा. दर शुक्रवारी बहिणीकडे, म्हणजे नाहिदाकडे, जेवायला यायचा आणि पहिल्या घासापासून सुरू व्हायचा. मंत्री, मुल्ला, जनरल, स्वतःचं टक्कल, कुणाची गय नाही. पण आवडतं गिऱ्हाईक गझवान.

"दाजींनी आमच्या आईचा पंखा दुरुस्त केला," तो सांगायचा. "तेव्हापासून म्हातारी बटण दाबायच्या आधी कलमा पढते."

नाहिदा हे सगळं फोनवर रेकॉर्ड करून ठेवायची. असे चाळीसेक शुक्रवार जमले. मग दोन हिवाळ्यांपूर्वी सिग्नलला गाडी उभी असताना नूरीचं हृदय थांबलं. पाय ब्रेकवर होता म्हणून अकरा प्रवासी वाचले. ते पाच मिनिटं हसत होते, त्यांना वाटलं गंमत करतोय.

नाहिदाचा फोन पुढे धुण्याच्या टबात गेला. राहिला तो सरमदने स्वीडनहून पाठवलेला डबा. चपलांच्या खोक्याएवढा, आत दोन डिस्क, घरातल्या सगळ्यांचं सगळं त्यात साठवायचं. दोन्ही डिस्कांवर तेच ते, म्हणजे एक मेली तरी दुसरी असावी. नूरीचे शुक्रवार आता फक्त त्या डब्यात होते. रोज दुपारी भांडी आवरली की नाहिदा एक शुक्रवार लावायची. भिंतीच्या या बाजूला मीही ऐकायचो आणि उशीत तोंड घालून हसायचो.

जुलैमध्ये त्या डब्याने पडद्यावर एक लाल ठिपका दाखवला. नवीन फर्मवेअर आलंय, म्हणजे डबा ज्याच्या जोरावर चालतो तो आतला मेंदू बदलून घ्या, असं त्याचं म्हणणं. शहाणा माणूस असले ठिपके वर्षानुवर्षं बघत राहतो. गझवानला मात्र लाल ठिपका म्हणजे मंत्रालयाचा कागद. उत्तर दिल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

तयारी त्याने लग्नाची करावी तशी केली. डब्याला जोडायची बॅटरी होती, पण ती त्याने आधीच पंख्याला लावून संपवलेली. म्हणून जनरेटरवाल्या कहतानला विचारून आला. सरकारी वीज, आमची वतनिया, चारशिवाय येणार नव्हती. तोवर कहतानचा जनरेटर. दोनला काम सुरू करायचं, वीस मिनिटांत संपवायचं, आणि मध्ये क्षणभरही वीज तुटली तर डबा मेला. भिंतीवर जो मोठा खटका असतो, वर केला की वतनिया, खाली केला की जनरेटर, आणि फिरताना क्षणभर काहीच नाही, त्यावर त्याने कागद चिकटवला: हात लावू नये, मृत्यूशी गाठ. नाहिदाला बजावलं. मला बजावलं, मी माझ्या घरात असताना.

दोन वाजून आठ मिनिटांनी वतनिया आली. वेळेआधी ती फक्त आपल्याला गरज नसते तेव्हा येते. गल्लीत पोरांनी बोंब ठोकली, "वतनिया, वतनिया", घराघरांत खटके वाजले, एसी घुमू लागले. आणि डबा जो गप्प झाला तो झालाच. एक पिवळा दिवा मिणमिणत राहिला.

"कहतानच्या यंत्राने झटका दिला," गझवान म्हणाला.

सगळ्या गल्लीला पटलं. जनरेटरवाल्याबद्दल काहीही सांगा, बगदादमध्ये ते पटतं. गझवानने भर चौकात त्याला झाडलं आणि कहतानने मुलांची शपथ घेतली, ती कुणी ऐकून घेतली नाही. मीही दोन वाक्यं कहतानला ऐकवली. आता लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

 दुसऱ्या दिवसापासून गझवानच्या चहात साखर बंद झाली. तिसऱ्या दिवशी नाहिदाने एवढंच विचारलं.

"माझा भाऊ त्यात आहे की गेला?"

"आहे. डिस्क चांगल्या आहेत. डब्याचा मेंदू गेलाय."

"तुमचा असताना तो कशाला हवा होता?"

गझवान डबा बगलेत मारून संगणकवाल्यांच्या बाजारात गेला, मी सोबत. दुकानातल्या दाढीवाल्याने दिवा बघितला आणि निकाल दिला. "हज्जी, दोन तासांत नवा करून देतो. डिस्क तेवढ्या पुसाव्या लागतील."

गझवान हजला गेलेला नाही, मक्केच्या दिशेने सर्वात लांब गेला तो कर्बल्यापर्यंत. तरी त्याने हज्जीच्या आवाजात विचारलं, "डबा जिवंत करायला मेहुण्याला पुन्हा मारू?"

परत येताना टॅक्सीत तो रडला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ज्याची आयुष्यभर टिंगल झाली त्याने टिंगल करणाऱ्यासाठी रडावं, हे मला त्या दिवशी फार थोर वाटलं. काय दडवलंय ते मला ठाऊक नव्हतं.

मग चार दिवस तो वही घेऊन बसला. जगभरच्या फसलेल्या लोकांनी लिहून ठेवलेलं वाचलं, सरमदला फोन करून छळलं. उपाय सापडला तो जुन्या एक्स्चेंजच्या कामासारखाच होता, म्हणून त्याचा चेहरा उजळला. दोन्ही डिस्क काढून बाजूला ठेवायच्या, म्हणजे त्यांना धक्का नको. रिकामा डबा तारेने संगणकाला जोडायचा. मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून धरत डबा सुरू करायचा. तो अर्धमेला डबा मग संगणकाकडे मेंदू मागतो आणि संगणक देतो. दहा मिनिटं लागतात.

"आणि या दहा मिनिटांत वीज गेली तर?" मी विचारलं.

"तर तो विटेऐवजी वापरायचा."

इथे गाडी अडली. वतनियाचा भरवसा नाही, ती मंत्र्यांनाही सांगून जात नाही. जनरेटर पक्का, पण वतनिया आली की कहतान तो बंद करतो. म्हणजे कहतानकडेच जाणं आलं. गझवान दोन दिवस चौकाच्या दुसऱ्या बाजूने गेला. नवव्या दिवशी मला घेऊन त्याच्या पत्र्याच्या खोलीत शिरला. आत इतका आवाज होता की खरं ओरडूनच सांगावं लागलं.

"कहतान, मी खोटं बोललो. तुझ्या यंत्राने काही केलं नाही. वतनिया आली आणि माझाच हात खटक्यावर गेला. कागदासकट."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. कहतान मात्र फडक्याने हात पुसत होता.

"मला नऊ दिवस माहीत आहे, अबू सरमद. वतनिया आली की सगळ्या गल्लीचे हात एकदम उठतात. माझ्या मीटरचा काटा धाडकन खाली येतो, मग मी यंत्र बंद करतो. त्या दिवशीही तसंच. सोडून गेलात तुम्ही, शिव्या मला."

"मग बोलला का नाहीस?"

"जनरेटरवाल्याचं कोण ऐकतं? माझ्या आईलाही मी चोर वाटतो. तिच्या घरीही माझीच लाइन आहे."

गझवानने काम सांगितलं. शनिवारी दुपारी वतनिया आली तरी यंत्र चालू ठेवायचं.

"एका घरासाठी?"

"एका मेहुण्यासाठी."

कहतानने फडकं खाली ठेवलं. "नूरी माझ्या यंत्राला माझी दुसरी बायको म्हणायचा. ते आहे का त्या डब्यात?"

"ते आहे, आणि त्याहून वाईट दोन आहेत."

"चालवतो," कहतान म्हणाला. "पण उम्म सरमदना, सरमदच्या आईला, खरं सांगायचं. त्यांनी आठवडाभर माझ्या सलामाला उत्तर दिलेलं नाही."

शनिवारी पारा एकोणपन्नासवर होता. जनरेटरच्या लाइनीवर एसी चालत नाही, एक पंखा काय तो फिरत होता. संगणक माझा, कारण गझवानचा त्याने स्वतः दुरुस्त केलेला. नाहिदा खटक्याला पाठ लावून उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. गझवानने टाचणी दाबली, डबा सुरू केला, वहीतलं मोजत बसला, आणि पडद्यावर आकडे हलू लागले. चार टक्के. नऊ. सतरा. घाम माझ्या चष्म्यावरून खाली येत होता.

एकेचाळीसला गल्लीत बोंब उठली. वतनिया.

दोन्ही बाजूंनी खटके वाजले. शेजारच्या, म्हणजे माझ्याच घरातला एसी सुरू झाल्याचा आवाज आला. आणि मी डोळ्यांनी पाहिलं, गझवानचा उजवा हात उठला. तोंडाने तो "नको, नको" म्हणत होता, पाय उभे राहिले होते, हात पुढे निघाला होता. तीस वर्षं वतनियाचं नाव ऐकताच जे केलं ते त्या हाताला पाठ होतं, मालकाला विचारायची त्याला गरज नव्हती. नाहिदाने मनगट पकडलं.

गझवान खाली बसला. ती तशीच धरून बाजूला बसली.

"त्या दिवशीही हाच होता," तो म्हणाला. "कहतानचा काही दोष नाही."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"मी स्वयंपाकघरात होते. आपल्या खटक्याचा आवाज मला कळत नाही?"

"मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

"तुम्ही किती दिवस बसता ते बघत होते," नाहिदा म्हणाली. "मला वाटलं, तो तुमची थट्टा करायचा म्हणून मुद्दाम केलंत. तुम्ही काही बोलेनात, तर दुसरं काय वाटणार? मला भाऊ दोनदा गेल्यासारखं झालं, आणि दुसऱ्यांदा तुम्ही नेल्यासारखं."

 माझं तिथे काम फक्त घाम गाळायचं होतं. साऱ्या गल्लीत गारवा सुटला आणि आम्ही तिघं भट्टीत बसून राहिलो. दंतवैद्याने खिडकीतून हाक मारली, "तुमचा एसी का नाही लागला? कुणी गेलं का?"

"येतंय," नाहिदा ओरडली. "कुणी गेलं नाही, येतंय."

कोपऱ्यावर कहतानचं यंत्र एकट्या आमच्यासाठी धडधडत होतं. शहाऐंशी. ब्याण्णव. शंभर. पिवळा दिवा विझला, आमचे श्वासही विझले, आणि मग हिरवा लागला.

डबा बंद करून डिस्क मी घातल्या, कारण नाहिदा मनगट सोडायला तयार नव्हती. गझवानने त्यांवर १ आणि २ रंगवून ठेवलं होतं, माझ्यासारख्या भूगोलाच्या मास्तरालाही चुकता येऊ नये म्हणून. डबा पुन्हा सुरू झाला आणि त्याने नवा प्रश्न टाकला. डिस्क सापडल्या, त्या नव्याने तयार करू? खाली मोठं निळं बटण, हो. त्याच्या शेजारी बारीक करडं अक्षर, आहे तसं उचला. वहीत गझवानने लाल शाईने लिहिलं होतं, निळ्याला हात लावलास तर नूरी मेला. त्याचा उजवा हात पुन्हा वळवळला. नाहिदाने घट्ट दाबला. त्याने डाव्या हाताने, एका बोटाने, करडं दाबलं.

यादी उघडली. सरमदचं लग्न, त्याचे शाळेतले फोटो, आणि खाली ओळीने शुक्रवार.

नाहिदाने सांगितला तो लावला. ताटांचा आवाज, कुणीतरी आंब्याचं लोणचं मागतंय, आणि मग नूरी, तोंडात घास घेऊन. एका मुल्लाची आणि गाढवाची गोष्ट रंगात आली होती. गाढव बोलणार इतक्यात त्या शुक्रवारच्या गल्लीतही बोंब उठली, वतनिया. खुर्ची सरकली. खटका वाजला. आणि नूरीचा आवाज आला.

"बघा, बघा, दाजींचा हात बघा. नमाजाला उठत नाही, बायकोने बोलावल्यावर उठत नाही, विजेला कसा उठतो. नाहिदा, तो हात धरून ठेव गं. सोडू नकोस, नाहीतर हा माणूस एक दिवस आपल्या सगळ्यांना पुसून टाकेल."

ताटावरचे सगळे हसले. नाहिदाही हसली, त्या वेळची आणि आत्ताची, दोन्ही. मग आत्ताची रडू लागली. गझवान स्वतःच्या मनगटाकडे बघत होता. तिच्या चारही बोटांचे लाल वळ तिथे उमटले होते आणि तिने अजून सोडलं नव्हतं.

गाढव काय म्हणालं ते आम्ही तिघांनी शेवटपर्यंत ऐकलं. तोवर वतनिया गेली होती. संध्याकाळी नाहिदाने डोल्म्याचं, भात भरून शिजवलेल्या भाज्यांचं, भांडं भरलं आणि गझवानने ते दोन्ही हातांनी धरून चौकातून, सगळ्यांच्या देखत, कहतानकडे नेलं.