लेकीच्या हातची वाइन

लेकीचा फोन आला तेव्हा मी अंगणात तुरी पाखडत होते. सुट्टीवर येणार हे ठरलेलं होतं, पण तिला आणखी काही बोलायचं होतं. शेवटी म्हणाली, "आई, एक बाटली आणू का? मी केलेली हाय."

माझी लेक इटलीत एका जुन्या घराण्याच्या द्राक्षमळ्यावर वाइन बनवते. परभणीला शेतकीचं शिकली, नाशिककडं कामाला लागली आणि तिथून तिकडं गेली. त्या घराण्याची तांबडी वाइन पिढ्यान्‌पिढ्या एकाच पद्धतीनं होते. द्राक्षं हातानं तोडायची, रस आंबवायचा आणि मोठ्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवायचा. ती तिथं गेली त्या पहिल्या हंगामाची वाइन आत्ता कुठं बाटलीत भरली होती.

मी नको म्हणाले. हे, म्हणजे तिचे बाबा, खूप वर्षं प्यायचे. ती दहावीत असताना शाळेची सहल वेरूळहून परतत होती. देवगाव फाट्यावर सगळे चहाला उतरले, तर हे टपरीमागं पडलेले. ती सरांकडं गेली आणि म्हणाली, हे माझे बाबा आहेत. त्यांना उचलून गाडीत घेतलं. आमच्या बोरी गावापर्यंत ती त्यांचं डोकं धरून बसली, सगळ्या वर्गादेखत. त्यांची दारू लगेच सुटली नाही. काही महिन्यांनी सुटली, एकदा पुन्हा लागली, मग कायमची सुटली. हे मला सरांनी सांगितलं; फाट्याचा विषय तिनं घरात कधी काढला नाही.

माझं फोनवरचं बोलणं यांनी ऐकलं होतं. हात धुता धुता म्हणाले, "आणू दे. तिचं काम हाय ते."

ती आली. दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली बाजेवर तिनं बाटली काढून ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, उजेडाकडं धरली. जमीन कशी आहे, पाणी कुठलं, वेली किती जुन्या, असं विचारत राहिले. ती सांगत होती: डोंगरउतार, दगडगोटे, आपल्यासारखी काळी माती नाही. आता सगळं बघणारी मालकीण म्हातारी आहे, पण रोज तळघरात उतरून पिंपं बघते. तिनंच ही बाटली आईबाबांना म्हणून दिली.

मग त्यांनी विचारलं, "तिथले लोक पिऊन पडत न्हाईत का?"

लेक म्हणाली, "पडतेत की, बाबा. मालकिणीचा भाऊ त्यातच गेला."

त्यांनी मान हलवली. बाटली जपून बाजेवर ठेवली आणि उठले. "तू उघड. आईला दे. मी हरभऱ्याकडं चक्कर मारून येतो." चपला घालून ते निघाले. त्यांना स्वतःची चांगली ओळख होती.

बूच निघाल्यावर वास आला तशी मी मागं सरकले. पण पूर्वी यांच्या अंगाला यायचा तो हा वास नव्हता. लेकीनं वाटीत घोटभर ओतली. तिनं आग्रह केला नाही, नुसती माझ्याकडं बघत होती. दारू या वस्तूचा मी जन्मभर राग केला आणि उतारवयात लेकीखातर तो घोट घेतला. तुरट लागली. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढते तशी.

"मला न्हाई आवडली," मी म्हणाले.

ती मोकळी हसली. म्हणाली, नवीन माणसाला नाहीच आवडत. त्या तुरटपणामुळंच ती इतकी वर्षं टिकते.

हे परतायच्या आत ती उरलेली बाटली घेऊन गाडीवर जिंतूरला मैत्रिणीकडं गेली. मी वाटी राखेनं घासली, पुन्हा घासली. रागानं नाही. बरंच काही मनात येत होतं आणि हाताला काम हवं होतं.

ती परत गेल्यावर माझा भाऊ भेटायला आला. यांच्या पिण्याच्या दिवसांत त्यानं आमच्याकडं येणं सोडलं होतं. भाचीचं काय चाललंय, त्यानं विचारलं. द्राक्षाच्या शेतीत आहे, असं मी म्हणणार होते.

हेच आधी बोलले. "द्राक्षाची दारू बनवती ती. लय जुनं घराणं हाय, त्यांनी आपल्या पोरीवर इश्वास टाकलाय."

भाऊ बाजेवर त्यांच्याजवळ सरकला. मग त्यानं जमिनीबद्दल विचारलं, आणि हे दगडगोट्यांपासून सांगायला लागले.