प्रद्युम्नच्या बॅगेतले फुगे

माझा धाकटा भाऊ प्रद्युम्न गेला त्याला आज वीस दिवस झाले. कॉलेजात गणित, आवाज, सिग्नल असलं काय काय शिकवायचा. मी चौथीत शाळा सोडलेली, मला त्यातलं काय कळणार. लग्न केलं नाही त्यानं. विजयनगरच्या घरात आम्ही दोघंच.

तेराव्यानंतर त्याची बॅग उघडली तर आत फुग्यांचं पाकीट. अय्यो! पन्नाशीच्या माणसाला फुगे कशाला? मग आठवलं. दरवर्षी कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या रविवारी हा इस्त्रीचा शर्ट घालून जायचा. कोणाचा बर्थडे रे, विचारलं तर, "सुम्ने ग अक्का, असंच, काम आहे." एकदा खिशात लाल फुग्याचा तुकडा पण सापडलेला. म्हटलं झालं, कुठंतरी बाई आहे, लेकरू आहे.

राग आला. मग, खोटं कशाला सांगू, बरं पण वाटलं. त्याचं म्हणून कोणीतरी उरलं असेल. त्याच्यासारखं नाक असेल.

परवा सहना आली. त्याच्याकडंच शिकली, आता तिथंच शिकवते. कॉफी प्यायच्या आधीच कानडीत विचारते, "आंटी, सरांच्या बॅगेत फुगे होते का?"

हिला कसं माहीत? मी सरळच म्हटलं, "मूल केवढं आहे?"

"कोणाचं?"

"नाटक नको. फुगे कोणासाठी न्यायचा तो?"

ती हसली, मग रडायलाच लागली. म्हणाली, सर रिकाम्या वर्गात फुगा फोडून तो आवाज रेकॉर्ड करायचे. त्या एका आवाजावरून कळतं तिथं आवाज कसा घुमतो. मग घरी बोललेलं काहीपण कॉम्प्युटरवर त्यात मिसळलं की वर्गात बोलल्यासारखं वाजतं.

मला पटलं नाही. तिनं फोनवर एक रेकॉर्डिंग लावलं.

"पद्या, ताट वाढलंय. येतोस का घालू गाईला?"

माझाच आवाज! गाभाऱ्यातून आल्यासारखा. चोरून रेकॉर्ड केलेला, लबाडानं.

"पहिल्या तासाला हेच ऐकवायचे. सगळ्या मुलांना ठाऊक आहे तुमचा आवाज."

"हसत असतील."

"हसायचे. सर म्हणायचे, लवकर लिहून घ्या, जेवण गार होतंय."

म्हणजे लेकरू नाहीच कुठं.

येत्या रविवारी सहना त्याच्यासारखाच रिकाम्या वर्गात फुगा फोडणार आहे. पाकीट मागत होती, दिलं नाही. मीच घेऊन येते म्हटलं. खरंच असं होतं का, बघते आधी.