टॉप मॉडेलला घातलेली सीट कव्हरं

शोरूमच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले. एकाच गाडीची दोन कोटेशनं. इंजिन तेच, टर्बो तोच, गिअर तेवढेच, रंगसुद्धा लेकीने ठरवलेला तोच राखाडी. फरक एक लाख ब्याऐंशी हजारांचा. त्या आकड्याखाली मी पेनाने दोनदा रेघ ओढली आणि सेल्समनला विचारलं, "हे कशाचे?"

तो बिचारा पाठ केल्यासारखा सुरू झाला. सनरूफ, लाल शिलाईच्या सीट, चारही चाकांना डिस्क ब्रेक, बाजूच्या एअरबॅग, गाडी घसरायला लागली तर सावरणारं काहीतरी इलेक्ट्रॉनिक. मी सनरूफवरच अडकलो. अंबरनाथच्या उन्हात आधी छपराला भोक पाडून घ्यायचं आणि वर त्याचे पैसे मोजायचे. पुढचं मी नीट ऐकलंच नाही.

मी मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. तीस वर्षं व्हॉल्व तपासतोय. माझ्या टेबलावरून माल पुढे सरकवणं सोपं नाही, हे तिथला प्रत्येक जण सांगेल, आणि त्यातले निम्मे शिव्या देऊन सांगतील. मला त्याचा अभिमान होता. घरीही मी तसाच. भाजी असो की भाडेकरू, मी उलटसुलट करून बघणार, आवाज चढवणार आणि शेवटी माझंच खरं करणार.

लेक एकुलती एक. तळोज्याला केमिस्ट आहे. तिच्या कंपनीची आमच्या बाजूची बस बंद झाली आणि रोज खोणी फाट्यावरून डंपर-टँकरच्या मधून जायची पाळी आली. म्हणून गाडी. अर्धे पैसे तिचे, अर्धे माझे, कर्ज नको हा माझा हट्ट. तिला साधं इंजिन नको होतं, टर्बोच हवं होतं. गाडी पळवायची हौस तिला आहे, ती माझ्याकडूनच आलीय, त्यामुळे तिथे मी वाद घातला नाही. घोडं अडलं ते वरच्या मॉडेलवर.

"खालचं घेऊ," मी म्हणालो. "इंजिन सेम आहे ना? बाकीचं उल्हासनगरला बघू."

आमच्या भागात हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. खालचं मॉडेल घ्यायचं आणि उल्हासनगरच्या बाजारात नेऊन निम्म्या पैशात टॉपचं करून आणायचं. स्क्रीन म्हणाल तर स्क्रीन, कॅमेरा म्हणाल तर कॅमेरा, आणि मागे टॉप मॉडेलची अक्षरंसुद्धा चिकटवून देतात. आमच्या सोसायटीत अशा चार गाड्या आहेत. कंपनीची टॉप घेणारा माणूस आमच्यात जरा बावळट समजला जातो.

"बाबा, उल्हासनगरला सगळं मिळेल," लेक हळू आवाजात म्हणाली. "साईडची एअरबॅग नाही मिळणार. मागचे डिस्क ब्रेक नाही मिळणार. मला सनरूफ नकोय. पण ते दोन ह्याच मॉडेलमध्ये आहेत, त्याला मी काय करू?"

"तीस वर्षं आम्ही ड्रम ब्रेकवर फिरलो. मेलो का?"

हे मी जरा मोठ्याने बोललो. जरा कसलं, पलीकडच्या टेबलावरच्या नवरा-बायकोने वळून बघितलं. सेल्समनने कागद सारखे केले. लेकीने मान खाली घातली आणि मोबाईल पर्समध्ये टाकला. ती रडणाऱ्यातली नाही. ती गप्प होते, आणि ती गप्प झाली की मला आणखी चेव येतो. मी बोलतच राहिलो. स्वतः कमवायला लागली म्हणजे अक्कल आली असं नाही, हेही बोललो. बायको शेजारी बसून माझी बाही ओढत होती.

सेल्समननेच वाट काढली. म्हणाला, "काका, दोन्ही गाड्या बाहेर उभ्या आहेत. दोन्ही चालवून बघा."

आधी खालचं मॉडेल. लेक चालवायला, मी शेजारी, सेल्समन मागे. बदलापूरच्या दिशेने निघालो. टर्बो सुटला तसं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एका वळणावर रस्त्याचं काम चाललेलं, खडी पसरलेली. डाव्या गल्लीतून पाण्याचा टँकर तोंड बाहेर काढून आला, हॉर्न नाही, काही नाही. लेकीने ब्रेक मारला. पुढची चाकं थांबायच्या तयारीत आणि मागचा भाग निघाला उजवीकडे. अर्धी लेन सरकलो. समोरून येणारा रिक्षावाला आमच्या आरशाला घासून गेला म्हणायला हरकत नाही, मध्ये वीतभर अंतर राहिलं असेल. माझा हात डॅशबोर्डवर. लेकीने गाडी सरळ केली आणि चालवत राहिली.

परत येऊन तिने दुसरी गाडी घेतली. त्याच वळणावर रस्ता मोकळा बघून, मागे कोणी नाही हे आरशात पाहून, तिने त्याच खडीवर मुद्दाम ब्रेक दाबला. खरखर आवाज झाला आणि गाडी नाकासमोर थांबली. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. बघितलं असतं तर मी नक्की काहीतरी वाकडं बोललो असतो.

शोरूममध्ये आल्यावर मी म्हणालो, "घे. घे तुझी ती टॉप."

म्हणालो म्हणजे फेकलं. हो म्हणायची पण एक रीत असते, ती मला कधी जमली नाही. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो हे पोरीला कळू नये म्हणून तोंड वाकडं करून चेक फाडून दिला. गाडी घरी आली, बायकोने ओवाळलं, लिंबं फोडली, पेढे वाटले, आणि मी प्रत्येक पेढ्यागणिक लोकांना एक लाख ब्याऐंशी हजार सांगत होतो. लेक ऐकत होती.

पण मला काहीतरी माझ्या मनासारखं करायचंच होतं. "एवढ्या महागाच्या सीट," मी म्हणालो, "चार दिवसांत घामाने काळ्या पडतील. कव्हरं मी घालून आणणार." ती म्हणाली, "राहू द्या ना बाबा, सीट चांगल्या आहेत." मी म्हणालो, "एवढं तरी माझं ऐकशील?" तिने चावी माझ्या हातात ठेवली.

रविवारी मी एकटाच गाडी घेऊन उल्हासनगरला गेलो. कव्हरवाल्याचं दुकान माझ्या माहितीतलं, सिंधी माणूस, बोलायला गोड आणि भावाला पक्का. त्याने साडेसात हजार सांगितले, मी साडेपाचवर आणला. त्याचा कारागीर पुढच्या सीटचं माप घ्यायला वाकला आणि थांबला. त्याने सेठला हाक मारली. सेठने सीटच्या कडेला शिवलेली छोटी पट्टी बघितली आणि मला म्हणाला, "साहब, इसमें साइड एअरबॅग है. इसका कव्हर अलग आता है, साइड से खुला. मंगवाना पड़ेगा, परसों मिलेगा. बारह सौ ज़्यादा."

मला हसू आलं. साडेसातचे साडेपाच झाले म्हणून आता बाराशे मागच्या दाराने, असं मी धरलं. ह्या बाजारात दुकानदार काही जास्तीचं सुचवायला लागला की आपण आधी नाही म्हणायचं, हे आम्ही लहानपणापासून शिकलेलो. मी म्हणालो, "सेठ, ये सब मेरे को मत सिखाओ. चालू वाला लगाओ, टाइट फिटिंग." त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. खांदे उडवले. दीड तासात कव्हरं बसली, सुरकुती नाही, जाड रेक्झिन, सगळ्या कडा दुहेरी शिलाईच्या. फिटिंग मी स्वतः बोट फिरवून तपासलं आणि पास केलं.

संध्याकाळी लेकीने दार उघडून सीटकडे बघितलं. कडेवरून एकदा हात फिरवला. "छान आहेत," म्हणाली.

दीड महिना गेला. ती रोज सकाळी निघायची, पोचल्यावर आईला मेसेज करायची. मग एका शनिवारी ती मैत्रिणीच्या साखरपुड्याला पुण्याला निघाली, एकटी, कर्जतवरून खोपोली आणि पुढे घाट. मला सुट्टी होती. चहा पिऊन मी कपाटातली कागदपत्रं लावायला बसलो, तर गाडीबरोबर आलेलं जाडं पुस्तक हाती लागलं. उघडलंच नव्हतं मी ते. ड्रॉइंग न वाचता जॉबला हात लावणाऱ्याला कारखान्यात मी चार लोकांत सोलून काढतो. आणि माझ्याच पैशाच्या गाडीचं पुस्तक मी रागाने कपाटात कोंबलं होतं, कारण ते टॉप मॉडेलचं होतं.

सहज चाळत होतो. सीटचं चित्र, त्यावर आडवी फुली. बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतून फुटून बाहेर येते. तिथे कव्हर घालू नये. बॅग उघडणार नाही किंवा भलतीकडे उघडेल, जिवाला धोका.

मी ते तीनदा वाचलं. सेठचा चेहरा आठवला, ती पट्टी आठवली, माझं ते "मेरे को मत सिखाओ" आठवलं. एक लाख ब्याऐंशी हजारांत मी पोरीसाठी जी एक कामाची वस्तू घेतली होती, ती साडेपाच हजारांत, भाव करून, दुहेरी शिलाईने शिवून बंद केली होती. 

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. उचलणार नाहीच, कारण चालवताना फोनला हात लावलास तर चावी काढून घेईन, असं मीच तिला बजावलंय. घड्याळात साडेनऊ. म्हणजे ती घाटात असणार. ट्रक, ट्रेलर, लेन सोडून घुसणाऱ्या बसेस, आणि हिच्या उजव्या बाजूला एक पत्रा आणि माझं रेक्झिन.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, कोणाला एवढे फोन लावताय?" मी तिच्यावर खेकसलो. मग लगेच तिला पुस्तक दाखवलं. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि देवासमोर जाऊन बसली.  

मी गॅलरीत उभा राहिलो, आत आलो, परत गॅलरीत. मेसेज टाकला, पोचलीस की लगेच फोन कर. खाली सोसायटीच्या गाड्या उभ्या होत्या, चारही उल्हासनगरच्या. दहा वाजले. सव्वादहा. कुठल्याही देवाला काही कबूल करायची मला सवय नाही, पण त्या दिवशी मी काय काय कबूल केलं ते सांगत नाही. दहा चाळीसला फोन वाजला.

"बाबा, काय झालं? चौदा मिस्ड कॉल. आई बरी आहे ना?"

"कुठे आहेस?"

"पोचले. आत्ताच पार्क केली."

मी सोफ्यावर बसलो. "ऐक," मी म्हणालो. "आता त्या गाडीला हात लावू नकोस. त्या कव्हरखाली एअरबॅग आहे. ती उघडणार नाही. मी पुस्तक वाचलं. चूक माझी आहे, दुकानदाराने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

पलीकडे गाडीचं दार लावल्याचा आवाज आला. 

"माहितीये मला," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"कव्हरचं. पहिल्या दिवशीच बघितलं होतं मी. ती पट्टी झाकली गेली होती."

"मग बोलली का नाहीस? दीड महिना तू तशीच, त्या डंपरच्या मधून—" माझा आवाज चढायला लागला. माझा मलाच ऐकू आला, आणि मी थांबलो. मी थांबायची ती वाटच बघत होती बहुतेक.

"बाबा, त्या गाडीवरून एवढं झालं होतं," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. "परत तुमच्याशी कोण बोलणार? मी ठरवलं, त्यापेक्षा आपण जपून चालवू."

 पोरीने दोन्ही गोष्टी समोर ठेवून बघितल्या होत्या, एका बाजूला घाटातला ट्रेलर आणि एका बाजूला बाप. आणि तिला ट्रेलर परवडला.

"साखरपुड्याच्या हॉलवर कोणाकडे कात्री असेल?" मी विचारलं. 

"असेल. आल्यावर काढू ना बाबा, साडेपाच हजारांची आहेत."

"आत्ता काप. मी फोन धरून बसतो. काही बोलत नाही मी, तू काप."

तिने कात्री आणली. दार उघडल्याचा आवाज आला, मग टराटर रेक्झिन फाटत गेलं, आणि मी इकडे सोफ्यावर बसून तोंड बंद ठेवून ऐकत राहिलो.